सिंहस्थाच्या आधी कॉलेजच्या स्टोअरची तयारी

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा बरोबर आपल्या पहिल्या सेमिस्टरमध्ये येतोय. नाशिकची अमृत स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला, म्हणजे प्रॅक्टिकल्स जोरात चालू असतात तेव्हाच द्वारका, पंचवटी, त्र्यंबक रोड सगळीकडे बंदोबस्त. मागच्या सिंहस्थाला, २०१५ ला, मी स्टोअरला नवीन होतो, आमची ग्लासवेअरची गाडी मुंबईहून निघाली ती शहराबाहेरच अडकली आणि एसवायची म्हणजे दुसऱ्या वर्षाची पोरं ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) नाही म्हणून टायट्रेशनच्या तासाला नुसती बसून राहिली, मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून ज्यांच्याकडे स्टोअर आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी स्टॉक मोजा, आणि रजिस्टरवरून नाही, कपाट उघडून मोजा. डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरला, चाळीस ब्युरेट दिसतात आणि बघायला गेलं तर निम्म्यांचे कॉक (खालच्या तोट्या) गळतात. मग डिपार्टमेंटकडून इंडेंट, म्हणजे मागणीची यादी, घेताना किती हवंय एवढंच विचारू नका, कोणत्या आठवड्यात हवंय ते लिहूनच घ्या, आम्ही कितीतरी वर्षं फक्त आकडा मागत होतो आणि तिथेच फसत होतो. हिशोब सोपा आहे, समजा आठवड्याला ६ रिम कागद जातो आणि ऑर्डर दिल्यावर माल यायला २ आठवडे लागतात, तर १२ रिम उरले की ऑर्डर गेलीच पाहिजे, पण ऑगस्ट-सप्टेंबरसाठी २ च्या जागी ४ आठवडे धरा, म्हणजे २४ उरले की. कोटेशन, कम्पॅरेटिव्ह (दरांचा तुलनेचा तक्ता), परचेस कमिटीची मीटिंग, प्राचार्यांची सही यात जाणारे दिवस वेगळे, ते कोणी धरतच नाही, माझ्या मते उशीर सगळ्यात जास्त तिथेच होतो. त्यामुळे कमिटीची मीटिंग एप्रिलमध्ये लावून घ्या आणि ट्रकने येणारं सगळं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आत घ्या.

आता केमिकल्स. इथे घाबरून दुप्पट भरून ठेवायचं नाही. ईथरची बाटली पडून राहिली की त्यात पेरॉक्साइड तयार होतात, ते स्फोटक असतात, हायड्रोजन पेरॉक्साइडची ताकद महिन्यागणिक कमी होते, सिल्व्हर नायट्रेट महाग आणि उजेडात खराब होतं म्हणून गडद बाटलीतच ठेवायचं. फळीवर एबीसीडीप्रमाणे बाटल्या लावायची सवय सोडा, नायट्रिक अ‍ॅसिडशेजारी अ‍ॅसिटोन कधीही नको, अ‍ॅसिड वेगळं, अल्कली वेगळी, पेटणारी सॉल्व्हंट्स वेगळ्या कपाटात. बायोलॉजीवाल्यांना अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल लागतं, त्याला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, तिची मुदत आजच बघा, ऐनवेळी पैसे असूनही मिळत नाही.

होस्टेल असेल तर मेसवाल्या मावशींना सोबत बसवून यादी करा. उन्हाळ कांदा आपल्या जिल्ह्यातच एप्रिल-मेमध्ये निघतो आणि नीट वाळवून हवेशीर ठेवला तर पावसाळाभर टिकतो, तो तेव्हाच घ्या. धान्य, तेल महिन्याभराचं पुरे. खरी अडचण गॅस, दूध आणि भाजीची, ती साठवता येत नाही, म्हणून स्नानाच्या आदल्या दिवशी पहाटेची डिलिव्हरी ठरवा आणि एखादा दूधवाला पंचवटीच्या बाजूचा असला तर दुसरा गंगापूर रोडच्या बाजूचाही हाताशी ठेवा.

परीक्षेचं पण बघा, पेपर ऑनलाइन येतो आणि कॉलेजातच छापायचा असतो, एक जादा टोनर आणि चालू स्थितीतलं दुसरं मशीन हवंच.

आणि व्हेंडरचे पैसे. छोट्या नोंदणीकृत उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे, तरी फाइल टेबलावर पडून राहते. सातपूर-अंबडचे आपले लहान सप्लायर पैसे अडकले की पुढच्या वेळी आपल्याला शेवटी ठेवतात, मी त्यांना दोष देत नाही, त्यांना पगार करायचे असतात. मार्चपर्यंतची सगळी जुनी बिलं मोकळी करा, मग जूनमध्ये फोन करून सांगा की भाऊ, जुलैत माल हवाय. शेवटी गेटवरच्या काकांकडे एक वही ठेवा, कोणाची गाडी कधी येणार, मालासोबतचं डिलिव्हरी चलन कोण घेणार, आणि रविवारी स्टोअरची किल्ली कोणाकडे असेल ते त्यात लिहा.