टीबी-कोविड मल्टि-ओमिक्स: पहिली नळी भरण्याआधी

मल्टि-ओमिक्स म्हणजे एकाच रुग्णाच्या नमुन्यांतून आरएनए, प्रथिनं, चयापचयाची संयुगं असे अनेक थर मोजून एकत्र पाहणं. त्यासाठी नीतिमत्ता समितीची मंजुरी, संमतीपत्रं, बारकोड, उणे ८० अंशांचा फ्रीजर: हे सांगायला नको. सांगायचंय ते स्टेरॉइडबद्दल. डेक्सामेथासोनचा (कोविडमध्ये देतात ते स्टेरॉइड) पहिला आणि शेवटचा डोस कधी दिला, रक्त कधी काढलं, सगळं तारीख-वेळेसह लिहा. ‘स्टेरॉइड: होय/नाही’ हा रकाना काही कामाचा नाही. त्याच रकान्याच्या जिवावर विश्लेषण करून बसलेलं माणूस हे लिहितंय.

गट चार: फक्त टीबी, फक्त कोविड, दोन्ही आणि निरोगी. सहसंसर्गाचे रुग्ण हळूहळू मिळतात, म्हणून बाकीचे तीन गट आधी मशीनवर चढवून मोकळे होऊ नका. प्रत्येक प्लेटवर (मशीनमध्ये एका वेळी चढणारा नमुन्यांचा संच) चारही गट हवेत, नाहीतर फरक आजाराचा की प्लेटचा हे कधीच सुटणार नाही. मधुमेह, एचआयव्ही, कोविडची लक्षणं सुरू झाल्याची तारीख, हेही हवंच. इंटरफेरॉनची जनुकं (विषाणूविरुद्ध शरीर जागं करतं ती) सक्रिय टीबीतही वाढलेली असतात, त्यामुळे नुसती ती वाढलेली पाहून हुरळू नका.

आरएनएसाठी पॅक्सजीन नळी (आत आरएनए टिकवणारं द्रव्य असतं): अडीच मिलिलिटर रक्त, भरल्याबरोबर ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट, मग खोलीच्या तापमानाला किमान दोन तास. थेट फ्रीजरात कोंबू नका. प्लाझ्मासाठी सगळ्यांना ईडीटीएचीच (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी. मेटॅबोलोमिक्सचा (चयापचयातली छोटी संयुगं मोजण्याचा) नमुना मात्र थांबत नाही. नळीतल्या लाल पेशी ग्लुकोज खात राहतात, लॅक्टेट वाढत जातं. रात्रभर टेबलावर राहिलेली नळी या कामातून बाद. निष्क्रिय केलेल्या थुंकीतले जंतू मेलेत हे गृहीत धरू नका, कल्चर लावून खात्री करा.

पुन्हा स्टेरॉइड. काही तासांतच लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात, एफकेबीपी५ हे स्टेरॉइडला प्रतिसाद देणारं जनुक उसळी घेतं. वेळ नोंदलेली नसेल तर हीच ‘सहसंसर्गाची खूण’ म्हणून यादीत वर येऊन बसते. त्यात रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सीवायपी३ए४ (औषधं मोडणारं यकृतातलं विकर) वाढवतं आणि डेक्सामेथासोनचा निचरा लवकर होतो. कागदावर रिफाम्पिसिन घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्याला, दोघांनाही डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, रक्तात सारखं नाही. म्हणून रिफाम्पिसिन कधी सुरू झालं तेही लिहा. केसपेपरवर ‘दिवसातून एकदा’ एवढंच असतं. डोस खरंच दिल्याची वेळ नर्सच्या तक्त्यात सापडते. ती तिथून घ्या, त्याच दिवशी. नंतर तक्ता मिळत नाही. आणि डोसच्या वेळेचा रकाना रिकामा असेल तर फॉर्म जमाच होणार नाही अशी सोय करून घ्या.

जमलं तर पहिला नमुना औषधं सुरू होण्याआधीच. नाहीतर आयसोनियाझिड हे टीबीचं औषध आणि त्यापासून बनणारी संयुगं मेटॅबोलोमिक्समध्ये ठळक दिसतात आणि तुम्ही त्यांनाच बायोमार्कर (आजाराची खूण) म्हणता. ती आधी वगळा.

विश्लेषण थोडक्यात: प्रत्येक थर आधी वेगळा तपासा, मग जोडा. पेशींचं प्रमाण हिशेबात धरा. एक्सआयएसटी (स्त्रियांमध्येच ठळक चालू असणारं) जनुक बघून नमुन्यातलं लिंग नोंदीशी जुळतंय ना पाहा, अदलाबदल झालेल्या बऱ्याच नळ्या तिथेच पकडल्या जातात. रुग्ण मोजके, मोजमापं हजारो, तेव्हा पडताळणीचे नमुने सुरुवातीलाच बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका.