जुन्या चौकोनी मॉनिटरला मोबाईल जोडताय? या चुका टाळा

पुण्यात चौकोनी मॉनिटर मिळणं अवघड नाही. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळतो, नातेवाइकांच्या माळ्यावर पडलेला असतो, एखादं ऑफिस रिकामं होताना तर रिक्षात घालून नेणाऱ्याला फुकटही मिळून जातो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराला सहा इंची स्क्रीनवर तासन्‌तास लेक्चर बघण्यापेक्षा तो बरा वाटला तर नवल नाही. घोळ पुढे होतो. मॉनिटर घरी आला की माणूस थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठतो, ‘मोबाईल मॉनिटरला जोडायची वायर द्या’ म्हणतो, दुकानदार ‘चालेल, सगळ्याला चालते’ म्हणतो आणि घरी आल्यावर स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ इकडून तिकडे फिरत राहतं. मग सगळे मॉनिटरला नावं ठेवतात. त्या बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. अडलेलं असतं फोनच्या टोकाला, म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करायची.

आधी वायर घेणं, मग फोन बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टाइप-सी पोर्ट बाहेरून सगळे सारखे दिसतात, पण त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. त्यासाठी फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सोय लागते आणि ती कंपनीने दिली असेल तरच असते. नंतर कुठलं ॲप टाकून किंवा सेटिंग बदलून ती आणता येत नाही.

सॅमसंगच्या एस मालिकेत २०१७ च्या एस ८ पासून ती आहे, पण ए आणि एम मालिकेतल्या बहुतेक फोनमध्ये नाही. आयफोन १५ पासून आयफोनला टाइप-सी आलं आणि त्यातून चित्र बाहेर काढता येतं. पिक्सेल ८ ला ही सोय पुढे अपडेटमधून मिळाली. पंधरा-वीस हजारांचे जे फोन सर्रास खपतात, त्यांचा पोर्ट बहुधा यूएसबी २.० चा असतो. तो चार्जिंग आणि फाइल कॉपी करण्यापुरताच. दुकानात जाण्याआधी आपल्या मॉडेलची माहिती नेटवर उघडा आणि यूएसबीच्या ओळीत ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर टाइप-सी टू व्हीजीएची (व्हीजीए म्हणजे जुन्या मॉनिटरचा निळा पोर्ट) कितीही भारी वायर आणली तरी उपयोग शून्य.

सोय नसलेल्यांनी हात टेकायची गरज नाही, दोन वाटा आहेत. एक म्हणजे डिस्प्लेलिंक चिप असलेला यूएसबी ॲडॅप्टर. तो अँड्रॉइडवर डिस्प्लेलिंक प्रेझेंटर नावाच्या ॲपमधून चालतो आणि साध्या यूएसबी २.० पोर्टवरही चित्र दाखवतो. महाग पडतो आणि व्हिडिओ थोडा अडखळतो, पण पीडीएफ वाचायला पुरेसा आहे. दुसरी वाट म्हणजे टीव्हीला लावतात ती स्ट्रीमिंग स्टिक घ्यायची आणि ती एचडीएमआय (नव्या टीव्हीचा पोर्ट) टू व्हीजीए कन्व्हर्टरमधून मॉनिटरला लावायची. फोनला वायर जोडण्याची भानगडच नाही, सगळं वायफायवर. मला विचाराल तर स्वस्त फोनवाल्यांनी हीच वाट धरावी.

कन्व्हर्टर उलटा घेणं

‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काउंटरवर दोन्ही एकाच बरणीत असतात आणि दिसायलाही जवळजवळ सारख्याच. चित्र एकाच दिशेने जातं. आपल्याला पहिली हवी, कारण एचडीएमआय फोनच्या ॲडॅप्टरमधून किंवा स्टिककडून येतंय आणि व्हीजीए मॉनिटरकडे जातंय.

दुसरा सापळा म्हणजे दोन टोकांना दोन वेगळे प्लग असलेली साधी, सडपातळ वायर. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग, त्यामुळे मध्ये चिप लागतेच. एचडीएमआयच्या प्लगमागे जरा फुगीर डबी नसेल आणि किंमत संशय यावा इतकी कमी असेल, तर ती वायर घेऊ नका.

पण वायरीवर पैसे घालण्याआधी मॉनिटर उलटा करून त्याची पाठ बघा. निळा, तीन ओळींत पंधरा भोकांचा पोर्ट म्हणजे व्हीजीए. त्याच्या शेजारी एखादा रुंद, बहुतेकदा पांढरा पोर्ट दिसला तर समजा लॉटरी लागली. तो डीव्हीआय. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या सतरा-एकोणीस इंची मॉनिटरांना तो बऱ्याचदा असतो. एचडीएमआयमधला चित्राचा सिग्नल आणि डीव्हीआयचा डिजिटल सिग्नल एकाच घराण्यातला, त्यामुळे इथे चिपशिवायचा साधा जोड चालतो आणि अक्षरं व्हीजीएपेक्षा स्पष्ट दिसतात.

चित्र आलं, पण वेडंवाकडं

‘आउट ऑफ रेंज’ असं दिसलं तर जोडणी बरोबर आहे, फक्त फोन किंवा स्टिक मॉनिटरला न झेपणारं चित्र पाठवतेय. १५ इंची मॉनिटर सहसा १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा (हेच त्याचं रिझोल्यूशन) असतो, १७ आणि १९ इंची चौकोनी १२८० बाय १०२४ चा. स्वस्त कन्व्हर्टर मॉनिटरला न विचारताच ‘१०८०पी पाठव’ असं फोनला सांगून मोकळे होतात. १०८०पी म्हणजे सेकंदाला ६७,५०० ओळी. १७ इंची कधी कधी त्या चालवून घेतो, १५ इंचीला बहुतेक नाहीच झेपत. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ७२०पी निवडा. सॅमसंगवर डेक्स (फोन मॉनिटरवर कॉम्प्युटरसारखा दाखवणारी सोय) वापरत असाल तर तिथेही रिझोल्यूशन बदलता येतं. जिथे हा पर्यायच नाही, तिथे व्हीजीएची केबल बदलून बघा. मॉनिटरचं माप सांगणाऱ्या तारा १२ आणि १५ नंबरच्या पिनांना असतात. पिना वाकलेल्या असल्या किंवा हलक्या केबलमध्ये त्या तारा जोडलेल्याच नसल्या, तर मॉनिटर काय चीज आहे हे पलीकडे कळतच नाही.

माणसं उंच आणि किडकिडीत दिसतायत? १६:९ चं रुंद चित्र ५:४ च्या (रुंदी:उंची) चौकटीत कोंबलं जातंय. नव्या टीव्हीसारखं रिमोटवर गुणोत्तर बदलायची सोय जुन्या मॉनिटरात क्वचितच असते. फोनला मॉनिटरचं खरं माप कळलं, की तोच वर-खाली काळ्या पट्ट्या सोडतो. १२८० बाय १०२४ वर १६:९ चा व्हिडिओ ७२० ओळींत बसतो आणि वर १५२, खाली १५२ ओळी काळ्या राहतात. पट्ट्या दिसल्या म्हणून हळहळू नका, चित्र बरोबर असल्याची ती खूण आहे. उभी अरुंद पट्टी दिसत असेल तर फोनचं ऑटो रोटेट बंद आहे, बाकी काही नाही.

रंग बिघडला असेल तर नेमका कुठला बिघडलाय ते बघा. व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळ्या पिनांतून येतात, अनुक्रमे १, २ आणि ३. पांढरं पान पिवळं दिसलं तर निळा येत नाही, जांभळट गुलाबी दिसलं तर हिरवा येत नाही, निळसर हिरवं दिसलं तर लाल गेला. प्लग काढा, उजेडात धरून पिना सरळ आहेत का बघा, पुन्हा बसवा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळा. ते स्क्रू कुणीच आवळत नाही, आणि टेबलाला धक्का लागला की रंग उडाला म्हणून ओरड सुरू होते.

चित्र एका बाजूला सरकलंय किंवा अक्षरं थरथरतायत, तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. मात्र व्हिडिओ चालू असताना नको. मॉनिटर चित्राच्या कडा शोधून स्वतःला जुळवून घेतो, आणि कडेला काळं असेल तर त्याला कडा सापडतच नाहीत. आधी फोन आडवा करून पांढरं वेबपेज उघडा, मग दाबा.

आवाज येतो, चित्र काळं

नेटफ्लिक्ससारखी ॲप व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाचं कुलूप तपासतात. व्हीजीएला ते कुलूप माहीतच नाही, त्यामुळे चित्र अडवलं जातं. यात ना वायरीचा दोष ना फोनचा. यूट्यूब व्यवस्थित चालतं.

पेठेतल्या मुलांना जास्त नडतं ते क्लासचं ॲप. अशी बरीच ॲप स्क्रीनशॉट काढू देत नाहीत, आणि तोच प्रतिबंध बाहेरच्या स्क्रीनलाही लागू होतो. म्हणून सगळ्यात स्वस्त चाचणी ही: लेक्चर चालू असताना फोनवर स्क्रीनशॉट घेऊन बघा. घेता आला नाही तर व्हीजीएवर तिथे काळंच दिसणार, एक रुपयाही खर्च करू नका. क्लासने पाठवलेल्या पीडीएफ नोट्स मात्र सहसा मॉनिटरवर छान वाचता येतात.

आवाजाचं म्हणाल तर व्हीजीएतून आवाज जातच नाही. हेडफोनचं भोक असलेला कन्व्हर्टर घ्या, नाहीतर फोनला ब्लूटूथ स्पीकर जोडा.

टाइप-सी थेट जोडलं की चार्जिंगचं भोक अडतं आणि वर फोनच कन्व्हर्टरलाही वीज पुरवतो. तासाभराच्या लेक्चरला चालून जाईल, दिवसभराच्या अभ्यासाला नाही. चार्जर लावायची जागा असलेला हब थोडा महाग असला तरी तोच घ्या. चित्र मधूनच जात-येत असेल तर वीज कमी पडत असण्याचा संशय आधी घ्यावा.

आणि हाती आलेला मॉनिटर सपाट नसून पिक्चर ट्यूबवाला, मागे पोट आलेला असेल तर वरचं बहुतेक सगळं त्यालाही लागू आहे, उलट कमी रिझोल्यूशनचं चित्र तो जास्त मऊ आणि चांगलं दाखवतो. फक्त काही बिघडलं म्हणून त्याची पाठ स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो. तो जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडेच न्या.