ट्रॅकर नसतानाही गच्चीवरून तेजोमेघाचा फोटो

ट्रॅकर (ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही म्हणून थांबू नका, जानेवारी-फेब्रुवारीत रात्री ८-१० च्या सुमारास मृग नक्षत्र मस्त वर आलेलं असतं, त्यातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाच्या जरा खाली मृगातला तेजोमेघ (ओरायन नेब्युला, वायू आणि धुळीचा चमकणारा ढग) आहे आणि तो इतका तेजस्वी आहे की शहरातूनही साध्या डीएसएलआर आणि ५० एमएम लेन्सने मिळतो.

ट्रायपॉडवर एकच मोठं एक्स्पोजर घ्यायला गेलात तर तारे रेघा होतात, कारण आकाश सेकंदाला १५ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. त्यामुळे क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ४ सेकंदांपुढे जाऊ नका, त्याऐवजी असे १००-१५० फोटो घ्या आणि डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक जोडा, दोन्ही फुकट आहेत. १०० फोटो जोडले की नॉइज (फोटोतले नको असलेले ठिपके) साधारण १० पट कमी होतो, सगळी गंमत इथेच आहे!

आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर २.८, फॉरमॅट रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल). ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये राजन्य (रायजेल, मृगातला ठळक तारा) १० पट झूम करून तो अगदी बारीक टिंब दिसेपर्यंत हाताने फोकस करा, यात वेळ गेला तरी चालेल पण घाई नको, फोकस चुकला तर पुढे कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही. शेवटी लेन्सचं झाकण लावून त्याच सेटिंगवर २० डार्क फ्रेम (काळे फोटो, ज्यांवरून सॉफ्टवेअर सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करतं) घ्या. आणि चंद्र असलेली रात्र सरळ सोडून द्या.