होंडा बी-सिरीज रेस इंजिनाची ऑइलिंग: चेंबरपासून हेडपर्यंत काय बदलायचं

होंडाची बी१६ए आणि बी१८सी ही इंजिनं कारखान्यातूनच आठ हजार आरपीएमपर्यंत फिरायला बनवलेली. बोअर दोन्हींचा ८१ मिमी, स्ट्रोक बी१६एचा ७७.४ आणि बी१८सीचा ८७.२ मिमी. त्यामुळे कॅम, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलून लिमिटर, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, ९००० वर नेणं सोपं वाटतं, आणि तेलाकडे लक्ष जातं ते खालून ठकठक ऐकू आल्यावर. खोलून पाहिलं तर क्रँक धरणारी मेन बेअरिंग ठीकठाक असतात. कनेक्टिंग रॉडचं एखादं बेअरिंग मात्र तांबं दिसेपर्यंत घासलेलं असतं. तेव्हा बहुतेक जण पंपाला दोष देतात. पंप सहसा बरा असतो, त्याच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आलेली असते. म्हणून काम चेंबरपासून, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यापासून, सुरू करायचं आणि तेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने वर सरकायचं.

रॉडचं बेअरिंग आधी का जातं

रॉडच्या बेअरिंगला तेल थेट मिळत नाही. ते आधी मेन बेअरिंगमध्ये येतं आणि तिथून क्रँकमधल्या तिरक्या भोकातून रॉडच्या जर्नलपर्यंत (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागापर्यंत) जातं. मेन जर्नलचा व्यास ५५ मिमी. फिरत्या जर्नलच्या पृष्ठभागावरून आत शिरणाऱ्या तेलाला केंद्रापसारी जोर बाहेर ढकलत असतो. भोक पार मध्यरेषेपर्यंत जातं असं धरलं, तर ९००० आरपीएमवर नुसतं आत शिरायला जवळपास पावणेतीन बार दाब खर्ची पडतो. ६००० वर तोच हिशेब सव्वा बारवर येतो, कारण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मध्यरेषा ओलांडली की तोच जोर तेलाला रॉडकडे खेचतो. मागून पुरवठा क्षणभर तुटला तर भोकातलं तेल बाहेर फेकलं जातं, मागे हवेचा बुडबुडा राहतो, आणि दाब परत आला तरी तो बुडबुडा हलायला वेळ लागतो. बेअरिंग तेवढ्यात जातं.

दर हजार आरपीएमला १० पाउंड दाब हवा, हा गॅरेजमधला जुना नियम त्यामुळेच टिकून आहे. ९००० ला ९० पाउंड, म्हणजे सव्वासहा बार.

चेंबर

मूळ चेंबर पत्र्याचं आहे आणि फिल्टरसकट सुमारे ४ लिटर तेल घेतं. चांगल्या टायरवर वळणात १ जी (गुरुत्वाकर्षणाइतका बाजूचा जोर) बसला की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. पंप मिनिटाला ४० लिटर ओढतोय असं धरा. चार लिटर सहा सेकंदांत एक फेरी मारून येतात, आणि त्यातलं बरंचसं त्या क्षणी हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या, कॅम आणि व्हॉल्व्ह असलेल्या भागात) आणि ब्लॉकच्या भिंतींवर असतं. लांब वळणात स्ट्रेनर (पंपाच्या नळीच्या टोकाची चाळणी) उघडा पडायला दोन सेकंद पुरतात.

त्यावर उपाय बॅफल, म्हणजे स्ट्रेनरभोवती तेल अडवून धरणारे पत्रे. ते असं बसवायचं:

१. चेंबर उतरवून आतून डिग्रीजरने धुवा, गॅस्केटचा कडा घासून सपाट करा. बोल्टांच्या भोकांभोवती पत्रा वर उचललेला असतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने बसवून घ्या, नाहीतर नवीन गॅस्केटही गळेल.

२. स्ट्रेनरभोवती १.५ मिमी पत्र्याची चौकोनी पेटी करा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना बिजागरीची दारं लावा, ती फक्त आत, म्हणजे स्ट्रेनरकडे उघडली पाहिजेत. तेल आत येईल, बाहेर जाणार नाही. दार बोटाने ढकलून सोडल्यावर आपल्या वजनाने बंद झालं पाहिजे. वेल्डिंगचा एक शिंतोडा बिजागरीत अडकला तरी ते अर्धवट उघडं राहतं.

३. पेटीवर आडवा पत्रा टाका, पण परत येणाऱ्या तेलाला खाली उतरायला वाट ठेवा. गच्च बंद केलं तर तेल पत्र्याच्या वर साठतं आणि क्रँक ते घुसळून फेस करते.

४. वेल्डिंग तुकड्या-तुकड्याने करा. सलग मारलं तर चेंबरचा कडा वाकतो.

५. चेंबर बसवण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. रॉडचे बोल्ट आणि बॅफल यांत निदान ३ मिमी अंतर हवं.

ब्लॉकच्या खालची मूळ बॅफल प्लेट काढून टाकू नका. "तेल लवकर खाली येईल" म्हणून ती काढणारे बरेच आहेत. क्रँकने उडवलेलं तेल चेंबरातल्या तेलापासून वेगळं ठेवणं हे तिचं काम, आणि ते ती चोख करते.

बॅफल केल्यावर डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा ३०० ते ५०० मिली जास्त तेल चालतं. साध्या चेंबरात एक लिटर जादा ओतणं हा उपाय नाही. क्रँक त्यात बुडाली की फेस होतो, आणि फेसाचा दाब गेजवर बरा दिसला तरी बेअरिंगला त्याचा उपयोग नाही.

स्ट्रेनर

स्ट्रेनरची चाळणी आणि चेंबरचा तळ यांत ६ ते १० मिमी अंतर ठेवा. कमी असेल तर पंपाचा श्वास कोंडतो, जास्त असेल तर हवा लवकर आत येते. मोजायला लहान मुलांच्या मॉडेलिंग क्लेचा गोळा चाळणीच्या तोंडावर चिकटवा, चेंबर गॅस्केटसकट चार बोल्टांवर घट्ट करा आणि परत उतरवा. चेपलेल्या गोळ्याची जाडी व्हर्नियरने मोजा. पुन्हा बसवण्याआधी क्लेचा कणही चाळणीत राहू देऊ नका.

स्ट्रेनरच्या नळीचं गॅस्केट नवीन टाका आणि बोल्ट ११ न्यूटन-मीटरला लावा. इथून हवा शिरली तर बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही, फक्त वरच्या आरपीएमला गेजची सुई थरथरते. चेंबरचे बोल्ट १२ न्यूटन-मीटर, मधून बाहेर, समोरासमोरचे आळीपाळीने.

पंप

पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो आणि थेट क्रँकनेच फिरतो. आतला आणि बाहेरचा असे दोन रोटर, दोन्ही पावडर मेटलचे. हे रोटर फुटतात, आणि फुटतात ते सहसा लिमिटरवर: इंधन तुटतं, परत येतं, क्रँकला झटके बसतात, आणि ते झटके थेट आतल्या रोटरच्या सपाट बाजूंवर आदळतात. त्यात भर म्हणून मूळ पुली काढून हलकी अ‍ॅल्युमिनियमची पुली लावलेली असेल तर क्रँकची कंपनं शोषणारं रबरच गेलेलं असतं. हलक्या पुलीने मिळणारी चपळाई पंपाच्या जिवावर घेतलेली असते. ९००० फिरवायचं इंजिन असेल तर मूळ डॅम्परची पुली किंवा चांगला रेस डॅम्पर ठेवा आणि बिलेट (अखंड ठोकळ्यातून कापलेल्या) स्टीलचे रोटर टाका. दोन्ही करा, एकाने भागत नाही.

जुना पंप वापरायचा असेल तर फिलर गेजने तीन मापं घ्या. आतला-बाहेरचा रोटर यांत ०.०४ ते ०.१६ मिमी, हद्द ०.२०. बाहेरचा रोटर आणि बॉडी यांत ०.१० ते ०.१९, हद्द ०.२१. रोटरच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून ०.०२ ते ०.०७, हद्द ०.१५. रेसच्या इंजिनाला हद्दीपर्यंत थांबू नका. शेवटचं माप ०.१० च्या वर गेलं की गरम तेलाचा दाब पडायला लागतो.

बॉडीच्या आतल्या वाटेत ओतकामाच्या धारा आणि पायऱ्या राहिलेल्या असतात. बारीक कानस आणि पॉलिश पेपरने त्या गुळगुळीत करा, पण रोटरच्या खोबणीच्या कडा बोथट करू नका. त्या कडाच तेल आत घेण्याची आणि बाहेर ढकलण्याची वेळ ठरवतात.

दाब वाढवायला रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगमागे १ मिमीचा वायसर टाकतात. आधी गरम तेलावर दाब मोजा. ८५०० ला सहा बार मिळत असतील तर स्प्रिंगला हात लावू नका. खालच्या आरपीएमलाच दाब कमी असेल तर वायसर काही करणार नाही, कारण तेव्हा व्हॉल्व्ह उघडलेलाच नसतो. गळती बेअरिंगमध्ये किंवा पंपात आहे. एका वेळी एकच वायसर, आणि गरम असताना सात बारच्या वर जाऊ नका. थंड इंजिनावर हा आकडा आणखी चढतो आणि त्याचा भार रोटर आणि फिल्टरवर येतो.

बसवताना रोटरांमध्ये पेट्रोलियम जेली भरा, म्हणजे पहिल्याच फिरकीत पंप तेल ओढेल. ब्लॉक आणि पंप यांतली ओ-रिंग नवीन टाका. सीलंटची रेघ २ मिमीपेक्षा जाड नको, कारण आत दाबला गेलेला सीलंट सुटून थेट चाळणीत बसतो. ६ मिमी बोल्ट ११ आणि ८ मिमी बोल्ट २४ न्यूटन-मीटर.

आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या होंडा सिटीचं डी१५ इंजिन याच घडणीचं, पंपही तसाच क्रँकवर. भाग आणि मापं वेगळी, तरी चेंबर, पुली आणि सीलंटचं वरचं सगळं तिलाही लागू होतं.

बेअरिंगची फट

फट म्हणजे जर्नल आणि बेअरिंग यांतलं अंतर. कंपनीच्या मापात रॉडची फट ०.०३२ ते ०.०५० मिमी. रेससाठी रॉडला ०.०४५ ते ०.०५५ आणि मेनला ०.०४० ते ०.०५० धरा. फट वाढली की तेलाचा प्रवाह वाढतो, बेअरिंग थंड राहतं, पण दाब पडतो. म्हणून ०.०६ च्या वर जायचं असेल तर पंप आणि तेलाची जाडी दोन्ही बदलावी लागतात, आणि या इंजिनात तसं करायचं कारण नाही. प्लास्टिगेजवर (फटीत चेपून मोजायची मऊ तार) अंदाज येतो. अंतिम माप मायक्रोमीटर आणि बोअर गेजनेच घ्या, कॅप पूर्ण टॉर्कला लावून. क्रँक ग्राइंड करून आणली असेल तर तेलाच्या भोकांचे प्लग काढून आत ब्रश घाला. ग्राइंडिंगची पूड तिथेच दडून बसते.

पिस्टनखालचे तेलाचे जेट बरेच जण बंद करतात, दाब वाचावा म्हणून. त्यांचा चेक व्हॉल्व्ह सुमारे २ बारला उघडतो. ड्रॅगच्या आठ-दहा सेकंदांच्या धावेला बंद केलेले चालतील. सर्किटवर वीस मिनिटं पूर्ण थ्रॉटल असेल तर राहू द्या, पिस्टन थंड ठेवण्याचं काम दुसरं कोणी करणार नाही.

हेड आणि श्वास

ब्लॉक आणि हेडच्या मधे तेलाचं ऑरिफिस (प्रवाह आवरणारं बारीक भोक) असतं, ओ-रिंगसकट. हेड बसवताना ते विसरलं तर हेडमध्ये तेल बदाबदा चढतं, खाली दाब पडतो आणि व्हीटेकही (वरच्या आरपीएमला तेलाच्या दाबाने कॅम बदलणारी यंत्रणा) नीट लागत नाही. ते जागच्या जागी असल्याची हेड गॅस्केट ठेवण्याआधी खात्री करा. हेडमधून खाली येणाऱ्या वाटांच्या तोंडावरच्या ओतकामाच्या धारा काढा.

वरच्या आरपीएमला क्रँककेसमधला गॅसचा दाब तेलाला खाली उतरू देत नाही. ब्लॉकच्या मागचा आणि हेडच्या झाकणाचा, दोन्ही श्वास (गॅस बाहेर सोडणारी तोंडं) १६ मिमीच्या नळीने कॅच कॅनला (गॅससोबत आलेलं तेल धरणाऱ्या डब्याला) जोडा. कॅनला वर फिल्टर हवा, नुसतं बंद भांडं चालत नाही.

कूलर, अ‍ॅक्युम्युलेटर, गेज

फिल्टरचे आटे एम२० बाय १.५. त्यावर ८० अंशांना उघडणाऱ्या थर्मोस्टॅटची सँडविच प्लेट बसवा आणि एएन-१० नळीने कूलर जोडा. तेल १०० ते १२० अंशांत ठेवायचं; १३० ओलांडलं की वेग कमी करा. कूलरच्या आधी आणि नंतर दाब मोजा. पाऊण बारपेक्षा जास्त फरक पडत असेल तर कूलर किंवा नळी लहान आहे.

स्लिक टायर आणि लांब वळणं असतील तर बॅफल एकटं पुरत नाही. दोन किंवा तीन क्वार्टचा (सुमारे तितक्याच लिटरचा), दाब पडला की साठवलेलं तेल इंजिनाला देणारा अ‍ॅक्युम्युलेटर लावा, रिकामा असताना हवेचा दाब अर्धा बार. पंपाच्या बाजूला एकेरी व्हॉल्व्ह लागतोच, नाहीतर साठवलेलं तेल बेअरिंगऐवजी उलटं पंपातून चेंबरात जातं. विजेचा व्हॉल्व्ह घेतला तर अडीच बारच्या आसपास उघडणारा घ्या. इंजिन बंद करण्याआधी आरपीएम वर असतानाच व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे पुढच्या स्टार्टला बेअरिंगला आधी तेल मिळतं. तेलाची पातळी नेहमी तो भरलेला असतानाच बघा. याहून पुढे ड्राय सम्प, म्हणजे चेंबराऐवजी वेगळ्या टाकीत तेल ठेवणारी पद्धत; तो खर्च इंजिनाच्या किमतीच्या बरोबरीला येतो, त्याची गरज पडणाऱ्याला ती ठाऊक असते.

कंपनीचा तेलाचा दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो, रेसमध्ये त्याला अर्थ नाही. ३ बारला लागणारा मोठा लाल दिवा डोळ्यांसमोर लावा. सेन्सरच्या भोकाचे आटे १/८ बीएसपीटी, इंचाला २८. बाजारातले बरेच सेन्सर एनपीटीचे, इंचाला २७. ते दोन फेरे सहज जातात आणि तिसऱ्याला ब्लॉकचे आटे खातात. अ‍ॅडॉप्टर घ्या.

तेल आणि पहिला स्टार्ट

५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक. या इंजिनाचे रॉकर कॅमवर घासून चालतात, रोलर नाहीत, त्यामुळे जस्त-फॉस्फरसचं प्रमाण १००० ते १२०० पीपीएम असलेलं तेल बघा. २०डब्ल्यू-५० ने गेजवर आकडा मोठा दिसतो, पण थंड असताना ते चाळणीतून नीट ओढलं जात नाही.

फिल्टर तेलाने भरून लावा. स्पार्क प्लग काढा, इंधन बंद करा, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मधे थांबा. गेजवर दाब आल्याशिवाय प्लग लावू नका. ८० अंश तेलावर आयडलला निदान ०.७ बार आणि ३००० ला ३.४ बार हवा. हा कंपनीचा किमान आकडा आहे, रेसच्या इंजिनाने तो सहज ओलांडला पाहिजे.

पहिल्या ट्रॅक-डेनंतर फिल्टर कापा. कागदाची घडी उलगडून उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारी बारीक काळी पूड नवीन इंजिनात येतेच. चुंबकाला न चिकटणारे चमकते कण, विशेषतः तांबूस, दिसले तर त्या दिवशीच चेंबर उतरवा आणि चारही रॉडच्या कॅप खोला.