मिनी ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक होज बदलताय? या चुका टाळा

नवा होज (प्रेशरचं तेल नेणारा रबरी पाईप) पंधरा दिवसांत त्याच जागी फुटला की शिव्या दुकानदाराला बसतात. खरं कारण बहुतेक वेळा जुन्या होजवर उमटलेलं असतं, पण तो तोवर भंगारात गेलेला असतो. म्हणून पहिली चूक हीच: फुटलेला होज नीट न बघता फेकणे.

फेरूलला (टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीला) लागून फुटला असेल तर होज आखूड आहे किंवा तोंडाशीच वाकवलाय. एकाच बाजूचं रबर झिजून तारा दिसत असतील तर तो कुठेतरी लोखंडाला घासतोय. रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील तर उष्णता. सायलेन्सरजवळून गेलेला पाईप आणि वर नागपूरचा 45 अंशांचा मे महिना, मग दुसरं काय होणार? या तिन्हींत नुसता होज बदलून भागत नाही, त्याची वाट बदलावी लागते. होज फेरूलमधून सुटून बाहेर आला असेल तरच क्रिम्पिंग (फेरूल मशीनने दाबून बसवणं) करणाऱ्याकडे बोट दाखवा.

प्रेशर न सोडता नट सैल करणे

इंजिन बंद केलं म्हणजे प्रेशर गेलं असं नाही. नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि हायड्रॉलिकचा लिव्हर चार-पाच वेळा दोन्हीकडे हलवा. डंपिंग ट्रॉली वर असताना तिच्या होजला पाना लावूच नका. ट्रॉलीचा डाला फक्त सिलेंडरमधल्या तेलावर उभा असतो.

बारीक गळती बोटाने शोधू नका, जाड पुठ्ठा फिरवा. प्रेशरचं तेल कातडीत शिरलं तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तरी मलम लावून घरी बसू नका. लगेच नागपूरचं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा एम्स गाठा आणि ‘प्रेशरचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट गमवावं लागू शकतं.

माप चुकवणे

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ‘जाड पाईप म्हणजे मजबूत पाईप’ हा समज डोक्यातून काढा. एकाच बनावटीत व्यास वाढला की झेपणारं प्रेशर कमी होतं. एका तारजाळीचा 1एसएन होज 3/8 इंचात 180 बार घेतो, अर्ध्या इंचात 160 बार. दोन जाळ्यांचा 2एसएन 3/8 इंचात 330 आणि अर्ध्या इंचात 275 बार. तुमच्या ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) किती बारला उघडतो ते मॅन्युअलमध्ये बघा. तो 180 असेल तर अर्ध्या इंचाचा एकजाळी होज बाद. दोनजाळी घ्या, किमतीत फरक फार पडत नाही.

दुसरी फसगत आट्यांची. 3/8 बीएसपीच्या (इंची मापाच्या) बाहेरच्या आट्यांचा व्यास 16.66 मिमी आणि एम16 चा (मेट्रिक मापाचा) 16 मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण बीएसपीला इंचात 19 आटे, तर हायड्रॉलिकमधल्या एम16 चा नेहमीचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) दीड मिमी. चुकीची जोडी हाताने एक-दोन आटे जाते, मग पान्याने रेटली की आटे खलास. व्हर्नियर आणि थ्रेड गेज नसेल तर हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीकडे होज बनवायला जाताना जुना होज दोन्ही टोकांसकट न्या, शक्य असेल तर ट्रॅक्टरच्या बाजूचा अॅडॅप्टरही.

लांबी एका टोकाच्या बसण्याच्या जागेपासून दुसऱ्या टोकाच्या बसण्याच्या जागेपर्यंत मोजा, नुसतं रबर नाही. प्रेशर आल्यावर होज चार टक्क्यांपर्यंत आखडू शकतो, म्हणजे मीटरभर होजमागे 4 सेंमी. तेवढी ढील ठेवा. फार ढील मात्र नको. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत मागे लोंबणारा होज फांदीत अडकतो.

बसवताना

तोंडं उघडी ठेवून त्यात चिंध्यांचा बोळा कोंबू नका, धागे व्हॉल्व्हमध्ये जातात. प्लास्टिकची टोपणं लावा. नवा होज कापताना आत रबराचा आणि तारेचा भुगा राहतो. हवेने फुंकून स्वच्छ हायड्रॉलिक तेलाने धुऊन घ्या.

कोनावर, म्हणजे निमुळत्या तोंडावर बसणाऱ्या जोडाला टेफलॉन टेप लावू नका. तिथे तेल आटे अडवत नाहीत, कोन अडवतो. टेपचा तुकडा सुटला की व्हॉल्व्ह अडकलाच.

नेहमी दोन पाने वापरा: एकाने होजचं टोक धरा, दुसऱ्याने नट फिरवा. नाहीतर होजला पीळ बसतो आणि पिळलेला होज लवकर जातो. होजवरची छापील ओळ सरळ दिसली पाहिजे. दोरीसारखी गोल फिरलेली दिसली तर सोडा आणि पुन्हा बसवा. जेआयसी जोड (कोनावर बसणाराच एक प्रकार) हाताने घट्ट झाल्यावर नटाच्या सहा पैलूंपैकी साधारण एक ते सव्वा पैलू फिरवणं पुरे. गळतंय म्हणून आणखी आवळत जाणं हा उपाय नाही, कोन चिरतो. फेरूलनंतर लगेच वळण देऊ नका. 2एसएन 3/8 इंचाला वळणाची त्रिज्या किमान 130 मिमी हवी.

तेल आणि हवा

बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. होज फुटल्यावर तसंच वावरातून घरी आणलं तर नुकसान गिअरचंही होतं. आधी पातळी भरा, मग कमी रेसवर सिलेंडर पाच-सहा वेळा विनाभार पूर्ण मागेपुढे करा, पण टोकाला दाबून धरू नका. तेलात फेस असेल तर थांबा, फेस बसू द्या. सिलेंडर आत घेऊन पातळी पुन्हा बघा. तेल दुधाळ दिसत असेल आणि रात्रभरानेही निवळत नसेल तर ती हवा नाही, पाणी आहे, तेल बदला.

कपलर बसत नाही म्हणून हातोडी मारणे

उन्हात पडून राहिलेल्या पलटी नांगराच्या होजमध्ये तेल फुगतं आणि क्विक कपलर (होज पटकन जोडायचं-सोडायचं टोक) आत जातच नाही. बॉलवर हातोडी मारली की पुढच्या हंगामापर्यंत थेंब थेंब गळती नक्की. नांगर सावलीत थंड होऊ द्या. तरीही अडलाच तर तो जमिनीवर पक्का टेकलाय हे बघून, सिलेंडरकडचा नट कापडाने झाकून अगदी थोडा सैल करा, चेहरा लांब ठेवा. पुढच्या वेळी कपलर काढण्याआधीच, इंजिन बंद करून लिव्हर हलवून घ्या.