नेपाळसाठी गोरखपूरचं तिकीट काढण्याआधी

आधी कपाट उघडा आणि मतदार ओळखपत्र शोधा. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी अडत नाही. पण मग निवडणूक आयोगाचं कार्ड हवं. नुसत्या आधारवर भागेल असं धरून चालू नका, ती सवलत पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्यांना. आमच्याकडे मावशीचं मतदार कार्ड निघालं माहेरच्या नावाचं आणि बाकी सगळे कागद सासरच्या. दुरुस्तीत दीड महिना गेला. पासपोर्ट लागत नाही म्हटलं की लोक नेपाळला शिर्डीसारखं धरतात, तिथेच फसतात.

मग महिना. पावसाळ्यात स्वस्त पडतं म्हणून कोणी श्रावणात चला म्हणालं तर सरळ नाही म्हणा. डोंगर ढगात आणि रस्ते दरडींखाली. 2024 च्या जुलैमध्ये दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. ऑगस्टमध्ये आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. तेव्हापासून खानदेशात नेपाळ म्हटलं की पहिला प्रश्न रस्त्याचाच येतो, आणि तो बरोबर आहे. दसऱ्याला त्यांचा दशैं असतो, अख्खा देश गावी निघालेला. दिवाळी-छठला गोरखपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस धरा. मुलांची शाळा बुडते खरी, पण आकाश धुतल्यासारखं असतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. कुर्ल्याहून सुटणारी कुशीनगर एक्सप्रेस नाशिक, भुसावळ करत थेट गोरखपूरला नेते. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही तिकिटं उघडल्या दिवशीच काढा.

पैशांची तयारी म्हणजे शंभराच्या नोटा. बँकेत आठवडाभर आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या. पुढे नियम बदलत राहिले तरी शंभराची नोट कुठेच अडली नाही. दर 1993 पासून बांधलेला आहे: आपले 100 म्हणजे त्यांचे 160. तरी भाव विचारताना प्रत्येक वेळी एक प्रश्न जोडा, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. हा प्रश्न न विचारता मी एक शाल दीडपटीहून जास्त भावाने घेतली. दुकानदाराने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. फोनपे नावाचा क्यूआर नेपाळमध्येही दिसतो, पण ती नेपाळचीच वेगळी कंपनी. 2024 पासून त्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, तरी सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

आता यादीतली गावं खोडा. खर्च खरा इथे वाचतो. पशुपतिनाथ, पोखरा, चितवन, मुक्तिनाथ, लुंबिनी हे सगळं आठ दिवसांत करायचं म्हणजे आठ दिवस बसमध्ये बसायचं. मी पहिल्या खेपेला लुंबिनी आणि पोखरा एवढंच ठेवीन. गोरखपूरहून सोनौली तीन तासांवर, सीमा पायी ओलांडायची, पुढे भैरहवा आणि तिथून लुंबिनी वीसेक किलोमीटर. बुद्धजन्माची खूण सांगणारा अशोकस्तंभ तिथे उभा आहे. आपल्याकडचे कितीतरी लोक त्याच्यासाठीच इतक्या लांब येतात. कोरियन विहारात अगदी थोडक्या पैशांत राहणं आणि साधं शाकाहारी जेवण होतं. मग दिवसाच्या बसने पोखरा. रात्रीची बस नकोच, कितीही पैसे वाचोत. पोखऱ्याजवळच्या सारंगकोट टेकडीवर पहाटे जा. समोरचं माछापुच्छ्रे शिखर 6,993 मीटर, आपल्या कळसूबाईच्या चौपटीहून जास्त. पहिलं ऊन त्याच्या टोकावर पडतं तेव्हा चहाचा कप हातातच राहतो.

बॅगेत एकच जाड स्वेटर पुरे, चार्जर आपलेच चालतात. शाकाहारी असाल तर "बफ" हा शब्द लक्षात ठेवा, ते म्हशीचं मांस. मोमो मागण्याआधी विचारा. दाल-भात मागा, भात-आमटी पुन्हा वाढतात. तिखट लागतंच म्हणून शेंगदाण्याची चटणी घरून न्या. बसच्या तिकिटावर साल 2080 च्या पुढचं दिसलं तर दचकू नका, तिथे विक्रम संवत चालतं. महिनाही त्यांचाच असतो, म्हणून तारीख बोट ठेवून विचारून घ्या. शनिवारी सुट्टी असते.

घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं करा आणि परतताना मागे घ्यायला विसरू नका. उरलेले नेपाळी रुपये सीमा ओलांडण्याआधी नेपाळमध्येच मोडा. आणि गोरखपूरची परतीची गाडी सोनौली ओलांडाल त्याच दिवसाची नको, दुसऱ्या दिवसाची काढा. डोंगरातली बस किती वाजता उतरेल ते तिच्या चालकालाही माहीत नसतं.