इंग्रजीत कॉम्प्लेक्स सेन्टेन्स लिहिताना या चुका टाळा

संध्याकाळी गावातले आठ-दहा पोट्टे माझ्याकडे इंग्रजीला बसतात, अन् वह्या तपासताना दिसतं की अर्ध्या चुका पोट्ट्यांच्या नाहीतच, मराठीच्या आहेत.

पहिलं म्हणजे वाक्य लांब झालं म्हणून कॉम्प्लेक्स होत नाही. दोन पूर्ण वाक्यं 'अँड'ने जोडली तर ते कंपाउंड, म्हणजे दोन्ही भाग आपापल्या पायावर उभे. कॉम्प्लेक्समध्ये एक भाग स्वतःच्या पायावर उभा असतो अन् दुसरा त्याला लटकलेला. नुसतं 'बिकॉज द ट्रान्सफॉर्मर वॉज बर्न्ट.' लिहून फुलस्टॉप दिला तर ते लटकलेलंच राहते.

सगळ्यात जास्त येणारी चूक: 'ऑलदो इट रेन्ड, बट द क्रॉप ड्राइड.' काऊन चुकलं? आपल्याकडे 'जरी' आलं की मागून 'तरी' येतेच, डवऱ्याले बैलजोडी लागते तसं. इंग्रजीचं काम एका बैलावर भागते. ऑलदो ठेवलं तर बट काढा, नाहीतर बट ठेवा अन् ऑलदो काढा. बिकॉज असला की पुढचा सो पण तसाच उडवायचा. इफसोबत देन मात्र चालते.

मग आपलं जो-तो. 'व्हिच बस कम्स फ्रॉम यवतमाळ, दॅट बस इज लेट', हे तर दर आठवड्याला कोणीतरी लिहितेच. आधी नाव, त्याला चिकटून दॅट किंवा हू: 'द बस दॅट कम्स फ्रॉम यवतमाळ इज लेट.' अन् चिकटून म्हणजे खरंच चिकटून बरं का, एका पोरीनं लिहिलं होतं, 'आय टुक द काफ टू द डॉक्टर दॅट वॉज सिक', आता आजारी वासरू का डॉक्टर? सगळे हसले, तीही हसली, मग तिनंच दुरुस्त केलं: 'आय टुक द काफ दॅट वॉज सिक टू द डॉक्टर.'

'इफ इट विल रेन' पण नको. इथं मराठीवर खापर फोडता येत नाही, कारण आपण तरी कुठं 'पाऊस येईल तर पेरू' म्हणतो, 'आला तर पेरू' म्हणतो. तसंच 'इफ इट रेन्स, वी विल प्लांट सोयाबीन', विल फक्त मुख्य भागात.

राहिला कॉमा. लटकलेला भाग आधी आला की द्यायचा: 'व्हेन द रेन स्टॉप्ड, वी वेन्ट टू द फील्ड.' तोच भाग मागं गेला की बहुतेक वेळा लागत नाही: 'वी वेन्ट टू द फील्ड व्हेन द रेन स्टॉप्ड.'